ब्रॅम्प्टनचा मतदार कुणाच्या खिशात?

सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी खलिस्तान समर्थक हरदीपसिंग निज्जर यांच्या हत्येप्रकरणी भारताकडे बोट दाखवलं आणि टोरांटोच्या वेशीवरचं एक उपनगर मराठी वाहिन्यांवरच्या चर्चांत रोजचं झालं. ब्रॅम्प्टन. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तिथल्या हिंदू सभा मंदिराच्या आवारात हाणामारी झाली, तेव्हा तर पडद्यावर नकाशेच आले. सांगितलं जातं ते साधारण असं: तिथे शिखांची मतपेढी आहे, ती गुरुद्वारातून चालते आणि ती हातची जाऊ नये म्हणून कॅनडातले पक्ष वाकतात. गंमत अशी की तिथल्या जुन्या गोऱ्या रहिवाशांपैकी काही जण दबक्या आवाजात जवळपास हेच बोलतात, फक्त 'खलिस्तान' वगळून: 'हे लोक आपल्यातल्याच माणसाला मत देतात.' तिसरी बाजू 'असं बोलणं हाच वंशद्वेष' एवढं म्हणून विषय बंद करते. या तिघांपैकी एकानेही त्या भागाचे निकाल उघडून पाहिलेले दिसत नाहीत.

निकाल पाहिले तर वेगळंच चित्र समोर येतं. ऑन्टारिओ प्रांताच्या विधानसभेत ब्रॅम्प्टनने गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जे कौल दिले, ते एका वाढत्या उपनगराचे कौल आहेत. रस्ता, गाडीचा विमा, इस्पितळ, नोकरी, आणि प्रांतभर वाहणारं वारं. तिथे गठ्ठा नाहीच, असं मी म्हणत नाही. गठ्ठा आहे, पण तो मतपेटीच्या आधीच्या दारात, पक्षांच्या उमेदवारीच्या निवडीत आहे. आणि ते दार पक्षांनीच सताड उघडं ठेवलं आहे.

सुरुवात पगड्या दिसू लागण्याच्या आधीपासून करायला हवी. ब्रॅम्प्टन तेव्हा डेल कुटुंबाच्या काचघरांतल्या गुलाबांसाठी ओळखलं जाणारं गाव होतं. शेजारच्या माल्टनमध्ये विमानतळ आणि अॅव्हरो कंपनीचा विमानांचा कारखाना. २० फेब्रुवारी १९५९ रोजी पंतप्रधान डीफनबेकर यांनी 'अॅव्हरो अॅरो' या लढाऊ विमानाचा प्रकल्प एका फटक्यात रद्द केला आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. चारच महिन्यांनी प्रांताची निवडणूक लागली. ब्रॅम्प्टन ज्यात होतं तो पील मतदारसंघ टोरींचा, म्हणजे प्रोग्रेसिव्ह कंझर्व्हेटिव्ह पक्षाचा, बालेकिल्ला. टॉम केनेडी यांनी तो दशकानुदशकं सांभाळलेला. त्यांच्या मृत्यूनंतर तिशीही न गाठलेला ब्रॅम्प्टनचा एक वकील उभा राहिला, बिल डेव्हिस. प्रांतात त्याच्या पक्षाने आरामात बहुमत मिळवलं, पण हा मात्र जेमतेम बाराशे मतांनी तरला. नोकऱ्या ओटावाने, म्हणजे तिथल्या दिल्लीने, घालवल्या आणि राग प्रांताच्या उमेदवारावर निघाला. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला यात नवल वाटू नये. लोकलच्या गर्दीचा राग तोही नगरसेवकावर काढतो.

पुढे डेव्हिस एकदाही अपवाद न होता २६ वर्षं इथून निवडून येत राहिले, त्यातली १४ वर्षं मुख्यमंत्री म्हणून. मतदारसंघाचं नाव पीलचं पील नॉर्थ झालं, मग ब्रॅम्प्टन झालं, माणूस तोच. प्रांतात त्यांचा पक्ष १९४३ ते १९८५ अशी सलग ४२ वर्षं सत्तेत होता. त्या काळच्या ऑन्टारिओत प्रोटेस्टंट माणूस टोरींना आणि कॅथलिक माणूस लिबरलांना मत देतो, हे गृहीतच धरलेलं असे. ऑरेंज लॉज या प्रोटेस्टंट संघटनेचं सदस्यत्व ही राजकारणातली शिडी होती. आता सांगा, या ४२ वर्षांना कुणी 'अँग्लो-प्रोटेस्टंट मतपेढी' म्हटलं का? त्याला 'स्थैर्य' म्हटलं गेलं. पक्षाच्या यंत्रणेला 'बिग ब्लू मशीन' असं कौतुकाचं नाव मिळालं. जून १९८४ मध्ये डेव्हिस यांनी कॅथलिक शाळांना शेवटच्या इयत्तेपर्यंत पूर्ण सरकारी अनुदान जाहीर केलं, तेव्हा टोरांटोच्या अँग्लिकन आर्चबिशपांनी त्या निर्णयाच्या पद्धतीची तुलना थेट हिटलरशी केली. म्हणजे धर्म आणि मतदान यांची गाठ या प्रांतात पंजाब्यांनी आणलेली नाही. डेव्हिस निवृत्त झाले आणि १९८५ मध्ये त्यांचं घरचं ब्रॅम्प्टन लिबरलांच्या बॉब कॅलहान यांच्याकडे गेलं.

त्यानंतरचा क्रम भराभर सांगतो, कारण त्यात गूढ काही नाही. १९८७ मध्ये लिबरलांची लाट, ब्रॅम्प्टनच्या दोन्ही जागा लिबरल. १९९० मध्ये प्रांताने डाव्या एनडीपीला, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टीला, सत्ता दिली. ब्रॅम्प्टन मात्र लिबरलच राहिलं. १९९५ मध्ये माइक हॅरिस यांनी करकपातीचा झेंडा घेऊन टोरांटोभोवतीचा उपनगरी पट्टा साफ केला, त्यात ब्रॅम्प्टनही आलं. टोनी क्लेमेंट आणि जो स्पीना निवडून आले. १९९९ मध्ये हॅरिस पुन्हा आले, आणि ब्रॅमली-गोर-माल्टन-स्प्रिंगडेल अशा लांबलचक नावाच्या मतदारसंघातून त्यांच्याच पक्षाचे रमिंदर गिल विधानसभेत पोचले. २००३ मध्ये वारं उलटलं. क्लेमेंट आरोग्यमंत्री होते, तरी लिबरल विक धिल्लन यांच्याकडून हरले. गिल यांची जागा लिबरल कुलदीप कुलार यांनी घेतली.

जरा थांबा. गिल आणि कुलार, दोघेही पंजाबी. समाजाच्या मतावर निकाल लागत असेल तर १९९९ चा आणि २००३ चा निकाल वेगळा का? समाज तोच, वस्ती तीच. बदललं ते प्रांताचं वारं.

याहून खणखणीत परीक्षा २००७ मध्ये झाली. माझ्या मते हा सगळा वाद या एका निवडणुकीवर निकाली निघायला हवा होता. टोरींचे नेते जॉन टोरी यांनी आश्वासन दिलं की कॅथलिक शाळांना सरकारी पैसा मिळतो, मग शीख, हिंदू, मुस्लिम, ज्यू शाळांनाही द्यायला हवा. म्हणजे धार्मिक अल्पसंख्याकांच्या दारात चालत आलेला थेट फायदा. ब्रॅम्प्टनसारख्या ठिकाणी, जिथे शीख आणि हिंदू कुटुंबं झपाट्याने वाढत होती, तिथे हा पक्ष धो धो जिंकायला हवा होता. काय झालं? ब्रॅम्प्टनच्या जागा लिबरलांकडेच राहिल्या: कुलार, धिल्लन, लिंडा जेफ्री. टोरींची मोहीम प्रांतभर याच मुद्द्यावर बुडाली, आणि ज्यांच्यासाठी ते आश्वासन होतं त्यांनीही तिला वाचवलं नाही. धर्माच्या नावावर मत मागायला आलेल्याला धर्मवाल्यांनीच हात हलवत परत पाठवलं, तर मतपेढीचं व्याज नेमकं कुठे जमा होतंय?

आता विरुद्ध बाजूचे भक्कम मुद्दे. पहिला आहे जगमीत सिंग, आणि तो टाळून चालणार नाही. मे २०११ मध्ये हा तरुण वकील केंद्राच्या निवडणुकीत एनडीपीकडून उभा राहिला. ब्रॅमली-गोर-माल्टनमध्ये एनडीपीला तोवर कुणी विचारत नसे. तो ५३९ मतांनी हरला. पाच महिन्यांनी तोच प्रांताच्या निवडणुकीत त्याच मतदारसंघातून कुलार यांना हरवून आला. पील भागातून निवडून आलेला एनडीपीचा पहिला आमदार. लिबरल सत्तेत राहिले, तरी ही जागा त्यांनी गमावली, म्हणजे वाऱ्याचा नियम इथे मोडला. जगमीतसाठी पंजाबी तरुण पोरं ज्या संख्येने दारोदार फिरली, तशी त्या भागात आधी कुणासाठी फिरली नव्हती. पगडी बांधलेला, इंग्रजी फर्डा बोलणारा, आपल्यातला नेता दिसणं याचा परिणाम झाला. हे नाकारणारा माणूस निवडणूक समजून घेत नाही. दुसरा मुद्दा भारतीय वाचकाला जास्त टोचणारा: ६ एप्रिल २०१७ रोजी ऑन्टारिओ विधानसभेने १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराला 'नरसंहार' म्हणणारा ठराव मंजूर केला. ठराव मांडणाऱ्या हरिंदर मल्ही ब्रॅम्प्टनच्याच लिबरल आमदार होत्या, आणि त्यांचे वडील गुरबक्ष सिंग मल्ही याच भागातून १९९३ मध्ये कॅनडाच्या संसदेत गेलेले पहिले पगडीधारी खासदार. समाजाला खूश करण्याचं राजकारण होतं का? होतं.

पण या दोन्ही गोष्टींचं पुढे काय झालं, ते सांगायला कुणी थांबत नाही. ठरावानंतर चौदा महिन्यांनी प्रांताची निवडणूक झाली. हरिंदर मल्ही हरल्या, आणि लिबरलांना ब्रॅम्प्टनमध्ये एकही जागा मिळाली नाही. जगमीतचं तर आणखी बोलकं आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो एनडीपीचा देशपातळीवरचा नेता झाला. कॅनडाच्या मोठ्या पक्षाचा पहिला पगडीधारी नेता, आणि तोही ब्रॅम्प्टनमधून घडलेला. २०१९ च्या केंद्रीय निवडणुकीत त्याच्या पक्षाला ब्रॅम्प्टनच्या पाचपैकी किती जागा मिळाल्या? शून्य. पाचही लिबरलांनी नेल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. जगमीतच्या जुन्या मतदारसंघाचा मोठा तुकडा ब्रॅम्प्टन ईस्टमध्ये गेला, तिथून २०१८ मध्ये त्याचा भाऊ गुररतन सिंग आमदार झाला होता. चार वर्षांनी त्याला टोरी हरदीप ग्रेवाल यांनी पाडलं. घराणं, समाज, गल्ली तीच, मत वेगळं.

किंवा असं करा, केंद्र आणि प्रांत यांचे निकाल शेजारी ठेवून पाहा. मे २०११ मध्ये केंद्रासाठी ब्रॅम्प्टनने कंझर्व्हेटिव्ह निवडले. ऑक्टोबरात प्रांतासाठी लिबरल आणि एक एनडीपी. २०१५ मध्ये केंद्राला पाचच्या पाच लिबरल. २०१८ मध्ये प्रांताला तीन एनडीपी, दोन टोरी. २०१९ मध्ये पुन्हा केंद्राला पाचही लिबरल. २०२२ मध्ये प्रांताला पाचही टोरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रांताला पुन्हा पाचही टोरी. एप्रिलमध्ये केंद्राला बहुतेक लिबरल, पण ब्रॅम्प्टन वेस्टमध्ये लिबरल मंत्री कमल खेरा हरल्या. दोन महिन्यांत एवढं कूस बदलणारा मतदार कुणाच्या खिशात आहे? हा तर सत्ताधाऱ्याची झोप उडवणारा मतदार आहे. २०१८ मध्ये ब्रॅम्प्टन सेंटरचा निकाल ८९ मतांनी लागला, ब्रॅम्प्टन वेस्टचा ४९० मतांनी. धर्मगुरूच्या एका इशाऱ्यावर चालणाऱ्या मतदारसंघात असे निकाल लागत नाहीत.

मग लागतात कशावर? ब्रॅम्प्टनमध्ये गाडीचा विमा प्रांतात सर्वांत महागांपैकी आहे आणि गाडीवाचून तिथे दूधही आणता येत नाही. ट्रकचालक, विमानतळावर नोकरी करणारे, गोदामांत रात्रपाळी करणारे अशांचं हे शहर. २०१३ मध्ये एनडीपीने अल्पमतातल्या लिबरल सरकारकडून विमा सरासरी १५ टक्के स्वस्त करण्याचं वचन काढून घेतलं, ते याच दुखण्यावर बोट ठेवून. टोरींनी २०२२ मध्ये काय केलं? निवडणुकीच्या तोंडावर गाडीच्या नंबरप्लेटच्या स्टिकरची फी रद्द केली आणि मागच्या दोन वर्षांचे पैसे परत घरी पाठवले. वर ४१३ क्रमांकाचा नवा महामार्ग देण्याचं आश्वासन दिलं. बाकीचे दोन्ही मोठे पक्ष त्या महामार्गाच्या विरोधात होते. पर्यावरणाच्या दृष्टीने ते बरोबरही असतील, पण रोज ४०१ क्रमांकाच्या महामार्गावर तासभर अडकणाऱ्याला ते कसं ऐकू गेलं असेल याची कल्पना करा. हेच सरकार २०१८ मध्ये आल्या आल्या ब्रॅम्प्टनला मंजूर झालेल्या विद्यापीठाच्या संकुलाचा पैसा कापून बसलं होतं. जानेवारी २०२० मध्ये खाटा कमी पडतात म्हणून शहराच्या परिषदेने आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तीही याच सरकारच्या काळात. तरी २०२२ मध्ये लोकांनी त्यांना मत दिलं, तोवर नवं वैद्यकीय महाविद्यालय ब्रॅम्प्टनला देण्याची घोषणा झाली होती. हे मत शहाणपणाचं होतं का, यावर मी वाद घालायला तयार आहे. मला तरी स्टिकरचे पैसे परत देणं हे स्वस्तातलं राजकारण वाटतं. पण ते पंथाचं मत नव्हतं, एवढं उघड आहे.

यावर एक चतुर आक्षेप येतो. बहुतेक पक्ष पंजाबी उमेदवारच देतात, मग पक्ष बदलला तरी निवडून येतो तो समाजाचाच माणूस. गठ्ठा पक्षाचा नसेल, जातीचा आहे. हे महाराष्ट्रातल्या वाचकाला लगेच पटेल, कारण पश्चिम महाराष्ट्रात सगळे पक्ष मराठा उमेदवार देतात, तिथे निकाल कसाही लागला तरी आमदार मराठाच. पण याच उदाहरणात उत्तर आहे. सगळेच उमेदवार एका समाजाचे असतील तर निवड समाजावर होऊच शकत नाही. ती कारखाना, पाणी, ऊसदर, नाहीतर माणूस यावर होते. शिवाय आक्षेप आकड्यांतही टिकत नाही. २०२२ मध्ये ब्रॅम्प्टन सेंटरमधून कृष्णवर्णीय शार्मेन विल्यम्स निवडून आल्या, ब्रॅम्प्टन नॉर्थमधून गोरे ग्रॅहम मॅक्ग्रेगर. आणि तो समाज तरी एक कुठे आहे? २०२१ च्या जनगणनेत ब्रॅम्प्टनचे निम्म्याहून थोडे अधिक लोक 'दक्षिण आशियाई' नोंदले गेले. त्यात शीख शहराच्या सुमारे पाव, हिंदू सुमारे १८ टक्के, शिवाय पाकिस्तानी, श्रीलंकेचे तमिळ, आणि एखाद्या बेसमेंटमध्ये गणपती बसवणारं मराठी कुटुंबही याच खान्यात. या सगळ्यांची एक मतपेढी आहे असं ज्याला वाटतं, त्याने या मंडळींची एका सोसायटीची वार्षिक सभा भरवून पाहावी.

ब्रॅम्प्टन नॉर्थचीच गोष्ट मात्र मला खऱ्या जागी घेऊन जाते. २०१८ मध्ये तिथे एनडीपीचे केविन यार्ड निवडून आले होते. २०२२ मध्ये पक्षाची उमेदवारी ठरवण्याच्या स्थानिक लढतीत हा विद्यमान आमदारच हरला, संदीप सिंग यांच्याकडून. अशा लढतीत मत कोण देतं? पक्षाचे सदस्य. सदस्य कसं होतात? नाममात्र फी भरून, कधी मुदतीच्या काही आठवडे आधी. लाखाहून जास्त वस्तीच्या मतदारसंघाचा उमेदवार एखाद्या सभागृहात काहीशे, फार तर काही हजार माणसं ठरवतात. ज्याच्याकडे नातेवाईक, क्लब, देऊळ, गुरुद्वारा, व्यापारी ओळखी आहेत, तो माणसं गोळा करतो. इथे गठ्ठा चालतो, आणि दणकून चालतो. पण सार्वत्रिक निवडणुकीत काय झालं पाहा: पक्षाच्या दारात जिंकलेले संदीप सिंग मॅक्ग्रेगर यांच्याकडून हरले. गठ्ठ्याची ताकद दाराच्या उंबऱ्याशी संपली.

हा दोष पंजाब्यांचा म्हणायचा तर आधी पक्षांच्या घटना वाचाव्या लागतील. केंद्रातल्या लिबरल पक्षात तर नागरिक नसलेल्यांनाही उमेदवारीच्या लढतीत मत देता येत असे. परकीय हस्तक्षेपाची चौकशी करणाऱ्या होग आयोगासमोर २०१९ च्या डॉन व्हॅली नॉर्थमधल्या अशाच एका लढतीची तपासणी झाली. तिथे विषय चिनी विद्यार्थ्यांचा होता, पंजाब्यांचा नव्हे. पळवाट ज्याला सापडेल तो वापरतो. सदस्यत्वाची मुदत लांब केली, मतदानासाठी ओळखपत्र सक्तीचं केलं, निवडणूक यंत्रणेची नजर ठेवली, तर हा प्रकार बराच आटोक्यात येईल. पक्षांना ते नको आहे, कारण सदस्यत्वाच्या पावत्या म्हणजे पैसा आणि कार्यकर्ते.

ज्या नकाशावर हे मतदान होतं त्याचीही कुणी चौकशी करत नाही. १९९६ मध्ये हॅरिस सरकारने 'राजकारणी कमी करू' म्हणत विधानसभेच्या जागा १३० वरून १०३ वर आणल्या आणि केंद्राच्याच मतदारसंघांच्या सीमा प्रांताला लावल्या. त्यानंतर २००७ आणि २०१८ मध्ये सीमा बदलल्या. जगमीतचा मतदारसंघ नावानिशी नाहीसा झाला. केंद्राने २०२१ च्या जनगणनेनुसार पुन्हा रेषा आखल्या आणि त्यात ब्रॅम्प्टनची एक जागा वाढून सहा झाल्या. प्रांताने त्या रेषा घेतल्याच नाहीत. २०११ मध्ये ब्रॅम्प्टनची लोकसंख्या ५ लाख २३ हजार होती, २०२१ मध्ये ६ लाख ५६ हजार. फेब्रुवारी २०२५ ची प्रांताची निवडणूक त्या जुन्याच आकड्यांवर आखलेल्या पाच मतदारसंघांत झाली. म्हणजे एका आमदारामागे सव्वा लाखाहून जास्त माणसं. उत्तरेकडच्या कीवेटिनूंगमध्ये आदिवासींना आवाज मिळावा म्हणून सुमारे ३३ हजारांना एक आमदार आहे, आणि ते योग्यच आहे. ब्रॅम्प्टनचं वजन कमी पडतं त्याला मात्र असं कोणतंही कारण नाही, फक्त न झालेला एक कायदा आहे. ज्या शहराला प्रांत नाचवणारी मतपेढी म्हणून दाखवलं जातं, त्याच्या वाट्याची सहावी जागा त्याच प्रांताच्या विधानसभेत अजून आलेली नाही.